छत्तीस इंची पट्टीचं म्यान

माझ्या डाव्या पोटरीवर सहा टाक्यांची खूण आहे. कशाची म्हणून कुणी विचारलं तर मी सांगते, शहाणपणाची. माझ्या न्हाई, आमच्या घरातल्या दोन बाप्यांच्या शहाणपणाची. एक माझे मालक, दुसरे माझे दीर. दोघांनी मिळून एका करवतीला कपडे घातले अन् ते कपडे माझ्या पायावर फाटले, एवढीच गोष्ट. पण थोडक्यात सांगितलेलं मला स्वतःलाच पटत न्हाई, म्हणून नीट सांगते.

आमच्या मंठ्याच्या बाजूला मोसंबीच्या बागा वाळायला लागल्या, तवा लोक झाडं काढायला माणूस हुडकायला लागले. आमचं शेत दोनच एकर, हात रिकामे. मालकांनी कटर मशीन आणली. कटर म्हणजे पेट्रोलवर चालणारी करवत. मागं इंजिन, पुढं लोखंडाची चपटी पट्टी, अन् त्या पट्टीच्या कडेकडेनं फिरणारी दातांची चेन. मोसंबीच्या खोडाला अठरा इंची पट्टी रगड होते.

या कामाला दुसरं माणूस लागतं. फांदीला दोर बांधून ताणून धरायचा, खोड कुणीकडं झुकून राह्यलंय ते लांबून बघायचं अन् वेळेवर ओरडायचं. लेक अन् सून नोकरीपायी लांब गेलेले. घरी बसून मी बोलू कुणाशी? चुलीशी? मंग मोटारसायकलवर मालकांच्या मागं मी बसायला लागले. दोन्ही पाय एका अंगाला, मांडीवर मशीन, मशीनवर दोराचं वेटोळं. गावातली माणसं आधी हसली. "म्हातारी कटरवाली" म्हणायची. त्यांना वाटायचं मला राग येतो. मला ते नाव लई आवडल्तं, पण तसं दाखवलं असतं तर त्यांनी दुसरं ठेवलं असतं, म्हणून मी तोंड वाकडं करून जायची.

आठ वर्षं मी त्या सीटवर बसले. त्या सीटवरून मी जेवढी शिवारं बघितली तेवढी बाईमाणसानं आमच्या भावकीत कुणी बघितली नसतील. ते एवढ्यासाठी सांगते की पुढं जे झालं त्यात माझी पोटरी तर गेलीच, पण ती सीटही जायला लागल्ती. पोटरी आपली आपण भरून येते. सीट कोण भरून देणार?

झालं असं, मालकांनी कुणाची तरी मोठी मशीन बघितली. बाप्यानं दुसऱ्याच्या हातात मोठी वस्तू बघितली की त्याला झोप लागत न्हाई. एका पाटलाच्या बांधावरची वाळलेली चिंच तोडायचं काम आलंच होतं, ते निमित्त. चिंचेचं खोड दोघांच्या कवेत न मावणारं. जुनी अठरा इंची दुकानदाराला देऊन घरी आली ती मशीन, तिला छत्तीस इंची पट्टी. अंगणात उभी केली तर माझ्या खांद्यापर्यंत.

ती बघायला दीर आले. आमचे दीर म्हणजे आमच्या भिंतीला लागूनच राहणारे. जगातल्या सगळ्या वस्तूंबद्दल त्यांना मत आहे अन् एकाही वस्तूला त्यांचा हात लागलेला न्हाई. पाऊण तास दोघं भाऊ त्या मशीनभोवती फिरले, जशी नवी म्हैस आणलीय. मी खोक्यात हात घातला तर काळं प्लास्टिकचं कव्हर निघालं, पट्टीवर चढवायचं. चढवून बघितलं तर निम्म्यातच संपलं. खोका मशीनचा होता अन् कव्हर होतं लहान पट्टीचं. मोठी पट्टी दुकानदारानं वेगळी लावून दिल्ती, तिचं कव्हर द्यायचं त्याला सुचलं न्हाई अन् मागायचं यांना सुचलं न्हाई.

"हे बघा," मी म्हणलं, "हाफ चड्डी झाली. निम्मे दात उघडे."

दीर म्हणले, "वैनी, टोकाला कशाला लागतंय कव्हर? कापत तर मधूनच असतंय."

"खोक्यावर चित्र आहे बघा भाऊजी. टोकापर्यंत झाकलेलं दाखवलंय. अन् हे बघा, पायाचं चित्र, त्याच्यावर फुली."

"ते फोटोसाठी असतंय."

मी चौथी शिकलेली. पुढचं जे काय शिकले ते किराण्याच्या पुडीचे कागद वाचून अन् खोक्यांवरचं वाचून. दीर बारावी. खोक्यावरचं जे लिहिलंय ते बारावीवाल्याला कधी वाचावं लागत न्हाई, त्याला ते आधीच माहीत असतं.

मालकांनी उरलेल्या पट्टीला बारदाना गुंडाळला, वरून सुतळी. "झालं. बिलकुल पॅक." मी गाठ बघितली. पोराच्या चड्डीला घालतात तसली गाठ.

आता आमच्याकडची एक रीत सांगते, त्याशिवाय पुढचं समजणार न्हाई. धारेची वस्तू आम्ही हातातून हातात देत न्हाई. विळा असो, कोयता असो, सुरी असो. भुईवर ठेवायची, मंग दुसऱ्यानं उचलायची. हातात दिली तर देणाऱ्या-घेणाऱ्यात भांडण होतं म्हणतात. माझं माहेर टेंभुर्णीचं, तिथंही हेच. लग्नाला चाळीसच्या वर वर्षं झाली, मालकांनी एकदाही विळा माझ्या हातात दिलेला न्हाई. भांडण मात्र रोज होतं. ते कुठल्या विळ्यामुळं होतं याचा मला अजून पत्ता लागलेला न्हाई.

तर मशीनचंही तेच. निघताना मालक मशीन भुईवर ठेवायचे, गाडीवर बसून किक मारायचे, मंग मी वाकून मशीन उचलायची अन् मागं चढायची. लहान पट्टीची होती तवर निभावलं. चिंचेच्या कामाला निघालो त्या सकाळी त्यांनी ती भली लांब मशीन भुईवर टेकवली. टेकवताना बारदाना मातीला घासून वर सरकला. त्यांनी बघितलं न्हाई. ते किक मारण्यात गुंतलेले. मी उचलली, चढायला एक पाय वर घेतला, अन् यांनी गाडी पुढं घेतली. टोकाचे सात-आठ दात माझ्या पोटरीवरनं असे गेले जसं कुणी किसणी ओढली. मशीन बंद होती, चेन फिरत नव्हती, तरी एवढं. चालू असती तर मी आज एका पायावर लिहून राह्यले असते.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "कशानं लागलं?" मी तोंड उघडायच्या आत दीर म्हणले, "साडी सांभाळली न्हाई वैनीनं."

मी डॉक्टरला म्हणलं, "ते ऐकू नका. ज्याला लागलं त्याला विचारा." डॉक्टर हसला अन् सुई घातली. सहा टाके.

घरी आल्यावर खरी गोष्ट सुरू झाली. तिसऱ्या दिवशी मालक म्हणले, "तू आता घरी बस. ही मशीन बाईमाणसाच्या कामाची न्हाई. भाऊ येईल माझ्यासंगं."

म्हणजे कव्हर आखूड, गाठ ढिली, गाडी उतावळी, अन् घरी बसायचं मी. चूक ज्याची त्याला सोडून ज्याला लागलं त्याला काढून टाकायचं, हे न्याय देणं यांना कुणी शिकवलं देव जाणे. चिंचेचं काम यांनी पुढं ढकललं, पण बारकी कामं सुरूच ठेवली. दीर माझ्या सीटवर बसून जायला लागले. तेही कसे, मशीन आडवी मांडीवर घेऊन, पट्टी रस्त्यावर बाहेर, जसा काय टोलनाका. समोरून येणाऱ्यानं आपली मान आपण सांभाळायची.

अन् काम? चौथ्या-पाचव्या दिवशी मालक आले ते खांदा धरून. फांदी चाटून गेल्ती. दोर कुणाच्या हातात होता? दिराच्या. दीर कुठं होते? सावलीला, फोन कानाला. मी हळद लावली अन् एकच विचारलं, "मी असते तर ओरडले असते का न्हाई?"

मालक म्हणले, "असते."

"मंग?"

"मंग काय. ती पट्टी..."

"पट्टीला मी धड म्यान आणते. एकही दात दिसणार न्हाई असं. आणलं की मी मागं बसणार."

"आण. मंग बघू."

हे 'मंग बघू' मी चाळीस वर्षं ऐकून राह्यले. त्याचा अर्थ, तुझ्यानं होणार न्हाई अन् झालं तर मी विसरलेलो असेन.

पहिला प्रयत्न माझाच, अन् तो सांगायची मला लाज वाटते, पण दुसऱ्यांचं एवढं उघडं करायचं अन् आपलं झाकायचं हे बरं दिसत न्हाई. मी गोधडीचं म्यान शिवलं. पाय खुर्चीवर, टाके ओले, अन् मी चार पदरी गोधडी शिवून राह्यले, काठाला लाल पट्टी, तोंडाला नाडी. दिसायला असं की त्यात मशीन काय, बाळ निजवावं. मालकांनी चढवून नेलं. संध्याकाळी परत आले तर सगळं तेलानं थबथबलेलं. या चेनला सारखं तेल लागतं, ते गळतं, अन् गोधडी ते पिऊन बसली. वर लाकडाचा भुसा चिकटला. त्याहून वाईट, काढताना गोधडीचे धागे दातांत अडकले अन् ओढून आत चक्रीत जाऊन बसले. सुरू केली तर मशीन जागच्या जागी घुसमटली. मालक अंगणात बसून चिमट्यानं एकेक धागा काढत होते. एक शब्द बोलले न्हाईत. बोलले असते तर मी उत्तर दिलं असतं. ते नुसते गुणगुणत राहिले. त्या गुणगुणण्याला उत्तर नसतं.

सुती वस्तू धारेला घालू नये एवढं मला विळ्यावरून कळायला पाहिजे होतं. न्हाई कळलं. मूर्खपणा वाटणीला आला की सगळ्यांना थोडा थोडा येतो, मलाही आला. झालं.

दुसरा प्रयत्न मालकांचा. पाण्याच्या लाईनचा पीव्हीसी पाईप उभा चिरून पट्टीवर चढवला, दोन्हीकडनं दोरी. छाती पुढं काढून म्हणले, "खर्चा शून्य." तो पाईप पहिल्याच खड्ड्याला सरकला अन् कुठं तरी पडला. मागं बसलेल्या दिराला कळलंसुद्धा न्हाई. घरी येऊन उतरले तवा त्यांच्या हातात नागडी मशीन अन् तोंडावर तेच मोठं मत, "पाईप हलका होता." पुन्हा दुसरा पाईप चिरला. तो चार दिवस उन्हात राहिला अन् केळीच्या सालीसारखा उलटा फाकला. मीही गुणगुणले.

मंग जालन्याला जाऊन दुकानातनं आणायचं ठरलं. मी म्हणलं पट्टी काढून संगं घेऊ. मालक म्हणले, "छत्तीस म्हणलं की छत्तीस. दुकानदार काय अडाणी आहे?" मोजमापाची वस्तू माप न नेता आणायला जाणं ही आमच्या घरातल्या बाप्यांची जुनी खोड. लेकाच्या चपला अशाच आणायचे, हवेत हात करून, "एवढा पाय आहे."

जालन्यात मस्तगडला दुकान. काउंटरच्या मागं माणूस, पंख्याखाली, मान न उचलता बोलणारा.

"किती इंची?"

"छत्तीस," मालक म्हणले.

त्यानं दोन वस्तू टाकल्या. एक पारदर्शक प्लास्टिकची, लांब. दुसरी रेक्झिनची पिशवी, तिच्यावर वाघाचं चित्र.

मी पारदर्शक उचलली. "याच्यातनं तर सगळं दिसून राह्यलंय."

"दिसलं तर काय झालं मावशी? उलट बरं, आत काय आहे कळतं."

"आत काय आहे ते मला माहीत आहे. दात दिसले म्हणजे वस्तू उघडीच की. अशी वस्तू आमच्यात हातात देत न्हाईत."

तो आता कुठं मान वर करून माझ्याकडं बघायला लागला. मालक खाली बघायला लागले. दुकानात अजून दोन गिऱ्हाईकं होती, ती हसली. हसू द्या. त्यांना काय माहीत, की माझा हा जुनाट हट्ट अन् डॉक्टरची सुई दोन्ही एकच गोष्ट सांगत होते, दात दिसायला न्हाई पाहिजे. ज्या कव्हरातनं दात दिसत न्हाई त्यातनं तो बाहेर येत न्हाई. एवढं साधं.

मंग वाघाची पिशवी. मी बांगडीला अडकवलेली पिन काढली अन् वाघाच्या पोटात टोचली. सुळकन आरपार.

"ओ मावशी! काय करून राह्यल्या? माल खराब करता का?"

"पिन गेली. ते दात पिनीपेक्षा बोथट आहेत का?"

"हे कंपनीचं आहे."

"कंपनीची पोटरी शाबूत आहे दादा. माझी बघायची का?"

मालकांनी माझा हात धरून बाहेर काढलं, अन् जाता जाता, मला न विचारता, ती पारदर्शकच घेतली. का, तर दुकानदारापुढं रिकाम्या हातानं कसं जायचं. घरी येऊन चढवली तर लांबीला बराबर अन् रुंदीला कमी. लांब पट्ट्या रुंदीलाही जास्त असतात, हे त्या मान न उचलणाऱ्याला माहीत नव्हतं अन् 'छत्तीस म्हणलं की छत्तीस' वाल्याला तर न्हाईच न्हाई. मालकांनी आतनं साबण लावून ती ठोकून बसवली. मंग ती निघेना. दोघं भाऊ दोन टोकांना धरून ओढत होते. अंगणातलं ते दृश्य माझ्या पोटरीच्या औषधापेक्षा गुणकारी होतं. शेवटी मधोमध तडकली.

त्याच आठवड्यात पाटलाचा निरोप आला, चिंच कधी पाडता, पेरणीच्या आधी बांध मोकळा पाहिजे. मालक म्हणले, सोमवारी. दीर म्हणले, "मी आहेच की." अन् माझ्याकडं बघून हसले. दीर दोर धरणार, फोन कानाला लावून, अन् माझे मालक त्या चिंचेखाली. मला त्या हसण्यापेक्षा त्या चिंचेची भीती वाटली.

शुक्रवारी दोघं शेताकडं गेल्ते. मी पाना घेतला, मशीनचे दोन्ही नट सोडले अन् पट्टी चेनसकट काढली. आठ वर्षं मागं बसून मी काय नुसता वारा खाल्ला न्हाई. पट्टी दोन पोत्यांत घातली अन् एसटी धरली. कंडक्टरनं विचारलं, "काय आहे आजी यात?" म्हणलं, "करवत." तो तिकीट देऊन जल्दी पुढं गेला, मंठा येईस्तोवर मागं आला न्हाई.

मंठ्याच्या बाजारात चपला अन् बैलांचे पट्टे शिवणारे एक म्हातारे बाबा बसतात. मी पोतं सोडून पट्टी त्यांच्यापुढं भुईवर ठेवली. त्यांनी ती उचलली. मी हातात दिली न्हाई अन् त्यांनी हात पुढं केला न्हाई. इतक्या दिवसांत मला पहिल्यांदा बरं वाटलं.

"म्यान पाहिजे," मी म्हणलं.

त्यांनी पट्टी उलटीपालटी केली. मंग विचारलं, "अक्का, तेल कुठनं गळतं?"

मी दाखवलं.

"गाडीवर नेताना टोक कुणीकडं असतं?"

"मागं. मी एका अंगानं बसते, टोक मागच्या बाजूला."

"काढता-घालताना तुमचा कुठला हात मोकळा असतो?"

बघा. तीन प्रश्न. आमच्या घरातल्या बारावीनं, मालकांनी, अन् मस्तगडच्या पंख्याखालच्यानं, तिघांनी मिळून महिनाभरात यातला एक विचारला न्हाई. सगळ्यांचा प्रश्न एकच, किती इंची. माणूस कोण, तो कसा बसतो, त्याचा हात कुठं असतो, हे कुणाच्या डोक्यात आलं न्हाई. कारण माणूस मी होते.

"डावा," मी म्हणलं. "उजव्या हातात मशीनचा दांडा असतो."

त्यांनी कापसाच्या जिनिंगमधला जुना पट्टा काढला. माल वाहून नेणारा रबरी पट्टा असतो तो, आत कापडाचे थर, चपलांच्या तळव्यांना वापरायला ते आणून ठेवतात. मी म्हणलं, थांबा, अन् पिन टोचली. पिन वाकली. बाबा हसले, पण रागावले न्हाईत.

"आता तुम्ही मला सांगा," मी म्हणलं, "कडेला टाके घालणार. दात कडेलाच आहेत. टाके कापले जाणार न्हाईत का?"

"जातील की. म्हणून मधी ही घालायची." त्यांनी रबराची बोटभर रुंद पट्टी कापून दोन पदरांच्या मधी, कडेनं ठेवली. "दात हिला लागतील. टाका हिच्या पल्याड."

मी माझ्या पोटरीकडं बघितलं. त्या डॉक्टरनं टाके घातले ते दात लागून गेल्यावर. या माणसानं दात लागायच्या आधी टाक्याचा विचार केला. शिकलेलं कुणाला म्हणायचं ते आता तुम्हीच ठरवा.

दोन तास मी तिथं बसले. टोकाला त्यांनी पट्टा दुमडून दुहेरी केला. खाली तीन भोकं पाडली, तेल अन् भुसा गळून जायला. आतनं थोडं सैल ठेवलं, साबण लागणार न्हाई एवढं. तोंडाला बैलाच्या गळ्यातल्या पट्ट्याचं बक्कल, डाव्या हातानं निघेल असं उलटं लावलेलं. दिसायला काळं, जाड, बेढब. घोरपडीसारखं. वाघबिघ काही न्हाई.

घरी आले तर अंगणात दोघं भाऊ. मशीनला पट्टी न्हाई बघून तोंडं उतरलेली. दीर चोर कोण असंल यावर बोलून राह्यले होते, दोन संशयितांपर्यंत आले होते. मी पोतं खाली ठेवलं.

"मी नेल्ती."

"तू? काढली कशी?" मालक.

"पान्यानं."

दिरानं म्यान उचलून बघितलं. "हे काय, बैलाचं पायतान? वैनी, असलं जालन्यात कुणी वापरत न्हाई."

"जालन्यातल्यांच्या पोटऱ्या मी मोजल्या न्हाईत भाऊजी."

सोमवारी सकाळी मी डबा बांधला, दोर गुंडाळला अन् बाहेर आले. बघते तर दीर आधीच गाडीजवळ. मालकांनी गाडी काढली, हँडल धरून उभे. दीर मागच्या सीटवर टेकले. मला म्हणले, "वैनी, डबा द्या इकडं. तुम्ही आराम करा, पाय अजून कच्चा आहे." अन् डबा माझ्या हातातनं काढून घेतला.

मालकांनी मशीन आणली अन् चाळीस वर्षांच्या सवयीनं भुईवर ठेवली. आता दीर वाकून उचलणार.

"थांबा," मी म्हणलं. "उचला ती अन् हातात द्या माझ्या."

"हातात?" मालक म्हणले. "धारेची वस्तू?"

"कुठं आहे धार? दात दाखवा मला एक. एक दाखवला तर मी घरात जाते."

मालकांनी मशीन उचलली. खरंच बघायला लागले. हा माझा माणूस असा आहे, त्याला थट्टा कळत न्हाई अन् बायको कळत न्हाई, पण बघायला सांगितलं तर बघतो. टोक वर करून बघितलं. भोकांतनं बघितलं. बक्कल ओढून बघितलं. उलटी धरून हलवली, म्यान सरकतंय का म्हणून. न्हाई सरकलं. दीर म्हणले, "दादा, उशीर होऊन राह्यला." मालक अजून बघतच होते. मंग त्यांनी स्वतःच्या खांद्यावर हात नेला, फांदी लागल्ती त्या जागेवर, अन् एकदा चोळलं.

मशीन त्यांनी दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरली. मी घेतली. जड होती, पण मांडीला सवय होती.

"उतर," ते भावाला म्हणले.

"आँ?"

"उतर म्हणलं ना. तिला बसायचंय."

दीर उतरले. डबा हातात तसाच, तोंड उघडं. पुढं कित्येक दिवस ते लोकांना सांगत होते की म्यानाची आयडिया त्यांचीच. सांगू द्या. ज्याला एवढ्यावर समाधान होतं त्याचं ते काढून कशाला घ्यायचं.

चिंच आम्ही दोन दिवसांत पाडली. दोर माझ्या हातात होता अन् फोन घरी होता. मी तीनदा ओरडले, तिन्ही वेळा मालक बाजूला झाले.

अन् रीत खोटी ठरली का, असं माझी जाऊ मला विचारते. हातात वस्तू घेतली, मंग भांडण झालं का? झालं की. गाव सुटायच्या आतच झालं. पाटलाच्या शेताला डावीकडच्या रस्त्यानं जायचं का उजवीकडच्या, यावरनं. ते म्हणले डावीकडनं, मी म्हणलं उजवीकडनं. डावीकडनं गेलो, पुढं वढ्याला रस्ताच नव्हता. माघारी फिरलो. मी गुणगुणत होते, अन् पोटरीला नुसतं रबर लागत होतं.